आज शेवटची प्रार्थना माझ्याकडे आली

आपल्यासारख्या पुरुषांच्या या ग्रुपात माझं खरं नाव कुणाला माहीत नाही, म्हणून इथं लिहितो. शिक्षण कमी आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

आज उपासनेला केजहून जीपनं आमच्या चर्चचे पाळक आले. उपदेशात म्हणाले, पुरुषानं पुरुषावर प्रेम करणं ही घाण आहे, असे लोक देवाचे नाहीत. सगळे आमेन म्हणाले. मी मान खाली घालून बसलो.

मग त्यांनी शेवटची प्रार्थना मला करायला सांगितली. म्हातारा म्हणून नेहमी मलाच सांगतात. मी उठलो आणि तोंडातून निघून गेलं, "बापा, आज ज्यांच्याविषयी बोलणं झालं, ती तुझीच लेकरं आहेत. त्यांना टाकू नको."

बायांच्या बाजूनं एकच आमेन ऐकू आलं.

दारात पाळकांनी थांबवलं. "काका, त्या लोकांचा तुमाला कावून एवढा कळवळा?"

मी घाबरलो. एकटा माणूस, उद्या मेलो तर माती द्यायला हीच मंडळी येणार. म्हणालो, "पाप्यासाठीच प्रार्थना करायची असती ना, साहेब?"

ते हसले. "हे बाकी खरं हाय," म्हणत त्यांनी पाठीवर हात ठेवला.

तेव्हापासून घास उतरत नाही. देवानंच मला असं घडवलं, यात पाप आहे हे मला कधीच पटलं नाही. तरी दारात मी स्वतःला पापी म्हणालो, आणि तुम्हा सगळ्यांनाही. माझ्या जागी तुम्ही असता, तर काय उत्तर दिलं असतं?