पेशीतला धागा

पौडहून निघालेल्या एसटीत एक तरुण मुलगी माझ्याशेजारी बसली. नाव विचारायचं राहिलं. माझ्या मांडीवर बैलांसाठी घेतलेला नवा कासरा होता. घरी पोरगा मागं लागलेला, ‘तुमचं वय झालं, बैल विकू, भाताची चिखलणी ट्रॅक्टरनं करू.’ हे मी तिला रागानंच सांगितलं.

ती हसली. ‘आजोबा, वय कशानं होतं तेच मी प्रयोगशाळेत शोधते.’ तिनं कासरा मागून घेतला आणि पाण्याच्या बाटलीला गुंडाळला. ‘प्रत्येक पेशीत पुरुषभर लांब धागा असतो, बारीक रिळांना असाच गुंडाळलेला. वय वाढलं की गुंडाळी सैल पडते. मिटून राहायला हवं ते उघडतं.’ बोलताना सुटलेला वेढा ती पुन्हा आवळत होती.

मी चौथी नापास, पण थापा ओळखतो. ही थाप नव्हती.

‘मग परत आवळता येतंय का?’

‘पुरतं कळलं नाही. सहा वर्षं तेच बघतेय.’

‘कटाळली न्हाईस?’

‘कंटाळते की! दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते.’

घरी येऊन पोराला म्हणालो, ‘माझं सैल पडतंय, कबूल हाय. चारदा बांधावर बसून दम खाईन. पन औंदा चिखलनी मीच करनार. बैल इकायचे न्हाईत.’