सही येणारी बाई

मला पोलिसांनी नेलं त्या दिवशी माझ्या डोक्याला चपचपीत तेल होतं आणि डोक्यात हवा. पन्नाशीत नातीनं सही शिकवली होती. वाचताना अजून अक्षराला अक्षर जोडत बसावं लागे. सही मात्र अशी झोकात, की शेवटच्या अक्षराला शेपूट.

गुन्हा काय, तर केळीच्या बागेतल्या ठिबकच्या नळ्या चोरल्या. बांधावर फेकलेल्या, उंदरांनी कुरतडलेल्या नळ्या. शेळीच्या कुंपणाला आणल्या होत्या. जळगावच्या ठाण्यात बाकावर बसवलं. पाण्याला उठले तरी "खाली बस". मुलगा-सून ऊसतोडीवर, घरी नात एकटी. फोन कुणाला करावा, सुचेना.

दुपारी हवालदार कागद घेऊन आला. "अक्का, अंगठा लाव इथं."

"अंगठा? मले सही येते, भाऊ!"

तो हसला. "मंग कर ना."

केली. चार ठिकाणी केली. काय लिहिलंय ते विचारलं असतं, तर वाचता येत नाही हे कळलं असतं ना त्याला! वाटलं, एवढी देखणी सही बघून म्हणेल, जा घरी. त्यानं कोठडीचं दार दाखवलं.

दुसऱ्या दिवशी कोर्टात एक तरुण वकीलबाई जवळ आली. "अक्का, मी तुमची वकील. फी नाही." कागद चाळता चाळता थांबली. "नळ्या मी कापून आणल्या, अशी कबुली आहे ही. खाली तुमची सही."

"चांगली आली ना?" खरंच असं विचारलं मी.

"काल फोन केला असता तर मी ठाण्यातच आले असते. भिंतीवर बोर्ड आहे मोफत वकिलाचा, नंबरसकट."

जामीन तिनंच मिळवून दिला. संध्याकाळी नातीजवळ पोचले. पण अट पडली: पुढचा हुकूम होईपर्यंत दर रविवारी ठाण्यात हजेरी. नात शाळेतून कॉलेजात गेली, तो हुकूम अजून यायचाय. पहिल्याच रविवारी बोर्ड दिसला. बाकाच्या बरोब्बर वर, आणि खालच्या कोपऱ्यात माझ्या तेलाचा डाग. दिवसभर त्यालाच डोकं टेकून बसले होते!

आता हजेरीची वही पुढं आली की आधी वाचते. तारीख, वार, वरच्या चार ओळी, अक्षराला अक्षर जोडत. हवालदार जांभया देतो.

"अक्का, उरक ना."

"थांब भाऊ. एकदा उरकलं होतं."

मग सही करते. बिनशेपटाची.