न आठवणारी विक्री

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, नाश्त्याच्या बशा उचलल्या की आमच्या जेवणाच्या टेबलावर शेअर्सचा आढावा सुरू व्हायचा. हे कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यात कधी खंड पडला नव्हता. हे मोबाइलवर एकेका कंपनीचं नाव वाचायचे आणि ती आपण का ठेवली आहे ते मला समजावून सांगायचे. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. बाजारातलं मला फारसं कळत नसे, पण ह्यांचं बोलणं ऐकायला आवडायचं. भाव आपटले की म्हणायचे, "पडू दे. आपल्या घरात उद्या कुणाचं लग्न नाहीये."

गेल्या थंडीत एका रविवारी ह्यांच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. यादी संपली तरी पंपांची कंपनी आली नाही. मी पुन्हा वरपासून पाहिलं.

"अहो, पंपवाली दिसत नाही यात."

"नीट बघ. ती कुठे जातेय?"

"खरंच नाहीये. आणि रंगांचीसुद्धा नाही."

ह्यांनी मोबाइल ओढून घेतला, डोळ्यांजवळ नेला. ह्या दोन कंपन्या ह्यांनी नोकरीच्या सुरुवातीला घेतल्या होत्या. मी असेपर्यंत त्या विकायच्या नाहीत, असं हे मुलीलाही बजावून ठेवत. ह्यांचा चेहरा उतरला. "कुणीतरी आत शिरलंय," एवढंच म्हणाले.

रविवार असल्यामुळे ब्रोकरचं ऑफिस बंद होतं. बँकेचं अ‍ॅप उघडायचं नाही, चोर तिथेही टपून बसला असेल, असं ह्यांनी सांगितलं. दुपारी फोन वाजला तेव्हा दोघंही नुसते त्याच्याकडे बघत राहिलो. मुलीचा होता, तरी उचलायचा धीर झाला नाही. ह्यांनी दाराची कडी दोनदा तपासली. शेअर्स मोबाइलमधून गेले होते, तरी मीही उठून खिडक्या लावून घेतल्या. जेवण कुणालाच गेलं नाही.

सोमवारी सकाळी रिक्षा करून स्वारगेटजवळच्या त्या ऑफिसात गेलो. टेबलापाशी बसलेली मुलगी बोलण्यावरून नागपूरकडची वाटली. आम्हाला बसवून तिने आधी पाणी दिलं.

"थांबा न काकू, मी पाहून राहिली," म्हणत तिने ह्यांचं खातं उघडलं. मग ह्यांच्याकडे वळली. "काका, चोरी नाही झाली. तुम्हीच फोन करून विकले न. पैसे तुमच्याच बँकेत जमा आहेत."

"मी? मी विकले आणि मलाच माहीत नाही? वा!"

तिने वाद घातला नाही. तिच्या साहेबांना विचारून आली आणि त्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं.

आधी कंपन्यांची नावं ऐकू आली, स्पष्ट, न अडखळता. मग पलीकडच्या माणसाने विचारलं, "सर, नक्की विकायचेत ना?" त्यावर उत्तर आलं, "नाही, तुमची खुशाली विचारायला फोन केला होता. विका."

असं तिरकस बोलणारं माणूस माझ्या माहितीत एकच होतं, आणि ते माझ्या शेजारच्या खुर्चीत होतं.

ह्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मान पुढे करून, दुसऱ्या कुणाचं बोलणं ऐकावं तसं ऐकलं. "आवाज माझाच आहे," हे हळूच म्हणाले. "पण मी हे बोललो नाही."

कालपर्यंत मी बाहेरच्या माणसाला घाबरत होते. तो नव्हताच हे कळलं, आणि त्या थंडगार ऑफिसात मला घाम फुटला. ती मुलगी खाली मान घालून कागद सारखे करत राहिली.

परतताना रिक्षात ह्यांनी माझा हात धरला. चारचौघांत कधी न धरणारा माणूस. मंडईच्या गर्दीत रिक्षा अडकली होती, सगळीकडून हॉर्न वाजत होते.

"अगं," हे म्हणाले, "आणखी काय काय केलं असेल मी?"

 मी घट्ट हात धरून बसले.

पुढे डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. विसरण्याचा आजार आहे, सुरुवात आहे, औषधाने वेग कमी होईल, असं त्यांनी सांगितलं. आमची मुलगी आली, रडली, चार दिवस राहून गेली. ती गेल्यावर ह्यांनी माझ्यासमोर ब्रोकरच्या ऑफिसात फोन लावला आणि रेकॉर्डिंग ऐकवणाऱ्या त्या नागपूरकडच्या मुलीला फोनवर बोलावून घेतलं.

"फोनवरून विकायची माझी सोय बंद करा. काय सही लागेल ती करतो. आणि ते होईपर्यंत माझा फोन आला तर माझं ऐकू नका. मी ओरडलो तरी ऐकू नका. आधी हिला विचारा."

पलीकडून आवाज आला, "बरं काका."

फोन ठेवून हे बाल्कनीत गेले आणि बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. मी मागे गेले नाही.

रविवारचा आढावा आम्ही सोडलेला नाही. आता नेहमी मीच नाव वाचते आणि ती कंपनी का ठेवली ते हे सांगतात. बहुतेक सगळं बरोबर असतं. पण नाव वाचून झाल्यावर हे बोलायला लागेपर्यंत मी ह्यांच्या तोंडाकडे बघत राहते. भाव चढलेत की पडलेत, तिकडे लक्षच जात नाही.

गेल्या खेपेला एका औषधांच्या कंपनीपाशी हे थांबले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात म्हणाले, "थांब. सांगू नकोस."

खाली भाजीवाल्याची हाळी ऐकू आली, विरली. हे टेबलावर बोटं दाबून बसले होते. मग सांगितलं, आणि बरोबर सांगितलं. पुढचं नाव वाचताना माझीच ओळ चुकली.