रेणुकाईशी भांडायला गेले तेव्हा

त्या दिवशी मी पिंपळगावच्या रेणुकाईला हात जोडायला नव्हे, भांडायला गेले होते. माझे यजमान जाऊन तीन महिने झाले होते. दुसऱ्या महायुद्धाची पाच वर्षं त्यांनी नौदलाच्या जहाजावर, इंजिनखोलीत काढली. शेजारची जहाजं बुडाली, हे घरी आले. निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर टेंभुर्णीत त्यांनी तेलाच्या इंजिनावर पिठाची गिरणी टाकली. आणि असा माणूस गावातल्या एका विहिरीत, पाणी उपसणाऱ्या इंजिनाच्या धुरानं गुदमरून मेला! विहिरीचा मालक सांगत फिरला, "मी नको म्हणत होतो, इंजिन बघायला हट्टानं उतरले." सगळ्यांनी ते खरं मानलं. मलाही त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त देवीचा.

गाभाऱ्यासमोर मी मोठ्यानंच विचारलं, "समुद्रातून परत आणलंस ते ह्यासाठी?" पुजारी दटावू लागले. शेजारी एक धनगराची म्हातारी दोन नारळ घेऊन उभी होती. ते पुढं करत ती त्यांना म्हणाली, "एक माझ्या लेकाचा. दुसरा टेंभुर्णीच्या गिरणीवाल्याचा, जहाजावर होता त्याचा."

मी तिचा हात धरला. "त्यांचा कशाला?"

"बाई, माझा लेक त्या विहिरीवर सालदार गडी. मालकानं इंजिन खाली बसवल्तं. लेक धुरानं पडला, मालक वरून नुसता बघून राह्यला. मंग गिरणीवाला पळत आल्ता. खाली उतरला, लेकाला दोर बांधला. मंग मालकानं वढला, लेक वर आला. दोर परत सोडला, तवर तो माणूस पडला होता. मालकानं दम दिला, बोलायचं बिलकुल न्हाई."

"मी त्यांची बायको. तीन महिने गप बसलात?"

म्हातारी खाली बसली. "व्हय माय. भ्यालो."

मी तिला वाटेल तसं बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्यासोबत टेंभुर्णीला आली आणि भर बाजारात, मालकाच्या तोंडावर तिनं खरं सांगितलं. आठ दिवसांत तिच्या लेकाची सालदारी गेली. तरी तिनं शब्द फिरवला नाही.

गिरणी आता मी चालवते. त्या मालकाला मी माफ केलेलं नाही. देवीशीही माझं पुरतं मिटलेलं नाही. पण त्या दिवशी तिच्या दारात मला माझा माणूस परत मिळाला, हे मी कसं विसरू? शरण जायला आधी शांत व्हावं लागतं, असं मला वाटायचं. आता मी आहे तशी, धुमसत, तिच्यापुढे जाऊन बसते. ती मला ऊठ म्हणत नाही.