जळक्या गव्हातले सोंडे

माझी गुलसेफावहिनी वेडी आहे की शहाणी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. चाळीस वर्षं एका अंगणात काढली, तरी नाही. आणि त्या उन्हाळ्यात तर माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

आमच्या गावाबाहेर, कोन्या शहराकडच्या माळावर, एक टेकाड आहे. त्याच्या पोटात जुनं गाव आहे म्हणे, हजारो वर्षांपूर्वीचं. दर उन्हाळ्यात अंकाराहून शिकलेली माणसं येतात, टेकाड हळूहळू उकरतात, आणि उकरलेली माती पाण्याच्या टाकीत ओततात. जळके दाणे, काटक्या तेवढ्या वर तरंगतात. ते कापडावर गाळून सावलीत वाळवायचे. मग आम्ही बायका मांडवाखाली लांब टेबलाशी बसून भिंग आणि चिमटा घेऊन निवडत बसतो. गहू एका ताटलीत, मसूर दुसरीत, काटक्या तिसरीत. माझा जन्म घरातली माती बाहेर लोटण्यात गेला, आणि ही माणसं बाहेरची माती आणून धुतात! का, ते अल्ला जाणे. मी विचारायचं सोडून दिलं.

त्या वर्षी एक जळलेलं घर लागलं. कोपऱ्यात मातीची कणगी, आणि तिच्यात काळा ठिक्कर पडलेला गहू. आमची निवडणाऱ्यांची मुख्य, बेरिलबाई, तिशीतली पोरगी, नाचायचीच बाकी होती.

"घर पेटलं म्हणून हे टिकलं, मावशी. नाहीतर कधीच कुजून गेलं असतं."

"म्हणजे त्यांचं वाटोळं झालं म्हणून तुमचं भलं झालं," मी म्हटलं. ती हसली. मी काही थट्टेनं बोलले नव्हते.

वहिनी माझ्या शेजारीच बसायची. निवडता निवडता तिचा चिमटा थांबला. मी वाकून भिंगातून पाहिलं, तर जळका किडा, पुढे बारीकशी सोंड. सोंडाच तो! घरोघरी गव्हाला लागतो तस्सा. वहिनीनं इकडेतिकडे पाहिलं, कमरेची काडेपेटी काढली आणि किडा गुपचूप तिच्यात टाकला.

"काय गं हे?"

"गप बस. चहा पी तुझा."

संध्याकाळपर्यंत काडेपेटीत आणखी बरेच गेले. घरी जाताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मी तिला गाठलंच. "चोरी करतेस? तीही किड्यांची? सोनं उचललं असतंस तर एक वेळ समजले असते!"

"त्या घरात कुणी बाई होती ना, मेव्लूदे? तिच्या कणगीला सोंडे लागले होते, ते आता अंकारापर्यंत जाणार. पुस्तकात छापणार. त्या बिचारीला तोंड आहे का, असं नाही तसं झालं होतं म्हणून सांगायला?"

"अगं, ती मरून हजारो वर्षं झाली!"

"मग तर जास्तच. मयत दारात ठेवून इमाम काय विचारतो? कशी होती म्हणून विचारतो. आपण काय म्हणतो?"

"चांगली होती, म्हणतो."

"कजाग असली तरी?"

"तरी."

"झालं तर. माझ्या हातून तिची अब्रू जायची नाही."

बेरिलबाईशी बेइमानी करते म्हणावं, तर मेलेल्या माणसाची झाकते आहे. झाकते आहे म्हणावं, तर रोजाची मजुरी घेऊन. मला रात्रभर काही उलगडेना.

सोंड्यांचं तिला एवढं का, ते मात्र गावात सगळ्यांना ठाऊक आहे. ती लग्न होऊन आली आणि माझ्या आईनं लगेच कणगी तिच्या हवाली केली. आठवडा जेमतेम झाला असेल, गव्हात सोंडे निघाले. आईनं ते गहू उचलले ते थेट गावच्या भट्टीपाशी नेले. बायका रोट्या लाटत बसल्या होत्या, त्यांच्यापुढे चादरीवर ओतले. "बघा गं, माझी नवी सून! कणगीचं झाकण उघडं टाकते!" त्या दिवसापासून वहिनी 'सोंडेवाली' झाली. तिची पोरं सोंडेवालीची पोरं. अजूनही गावात कुणी तिच्याकडे गहू निवडायला देत नाही. आणि तरी, आई गेली तेव्हा इमामानं दारात विचारलं, तर सगळ्यांत मोठ्यानं 'चांगली होती' कोण म्हणालं? हीच. मी रडता रडता थांबले. मनापासून म्हणाली की रीत म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

चार-सहा दिवसांनी बेरिलबाई मूठभर दाणे घेऊन टेबलाशी आली. "मावशींनो, या गव्हाला भोकं आहेत. सोंड्यांनीच पाडलेली. मग सोंडे कुठे आहेत?"

"वाहून गेले असतील टाकीत," मी आपलं ठोकून दिलं.

"दाणे राहिले, आणि किडे तेवढे वाहून गेले? मला तेच हवे होते हो!" पोरगी रडकुंडीला आली. सोनं नको, मणी नकोत, हिला किडे हवेत. मी कपाळाला हात लावला.

वहिनी उठून उभी राहिली. "माझ्याकडे आहेत. पण देणार नाही. आधी सांग, त्या बाईबद्दल काय लिहिणार आहेस?"

"कुठल्या बाईबद्दल?"

"कणगीवाल्या."

"बाईबद्दल काहीच नाही, मावशी. घरात सोंडे होते, एवढंच."

"घर लिहिलंस की बाई आलीच. लोक म्हणणार, आळशी होती, गलिच्छ होती."

बेरिलबाई रागावेल असं वाटलं होतं. पण ती पालथ्या बादलीवर टेकली. "अहो, आळसाचा काय संबंध? मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते. अळी दाण्यातच वाढते. सोंडा बाहेर पडेपर्यंत महिना उलटून जातो. ते दिसले याचा अर्थ एवढाच, की कीड आधीपासून आत होती. तिनं धान्य बरेच दिवस जपून ठेवलं होतं, असंच मी लिहिणार."

वहिनीचा हात काडेपेटीवर तसाच राहिला. "किती म्हणालीस?"

"महिन्याच्या वरच. थंडी असली तर आणखी."

"आठवड्यात होत नाहीत?"

"छे हो."

"झाकण उघडं राहिलं तरी?"

"एखाददुसरा बाहेरून शिरेल. कणगीभर कसे होतील?"

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. भट्टीपाशी ज्या हातांनी तिनं तोंड झाकून घेतलं होतं, ते माझ्या डोळ्यांपुढे आले. मेंदी लालभडक होती त्यांच्यावर, लग्नातली. कणगी आईची होती. गहू आईचा. त्याच्या महिन्याआधी वहिनी आमच्या घरातच नव्हती!

त्या दिवशी भट्टीपाशी बसलेल्यांपैकी दोघी या टेबलाशीच होत्या. त्यांनी माना खाली घातल्या.

"वहिनी, आई..." एवढंच माझ्या तोंडून निघालं. चांगली होती, ही साक्ष मीही दिली आहे. ती आता परत घेऊ की तशीच राहू देऊ?

वहिनी माझ्यासाठी थांबली नाही. तिनं काडेपेटी बेरिलबाईपुढे सरकवली.

"घे पोरी. सगळे सोंडे लिही. आणि महिना लागतो, ते मोठ्या अक्षरात लिही."

मग ती बाकावर बसली आणि डोक्याचा रुमाल तोंडात धरून सगळ्यांदेखत हमसाहमशी रडली.