खुरट्यांची टाकी

प्रयोगशाळेत मासे सांभाळायचं काम त्यांचं, म्हणून सगळे त्यांना मासेमामा म्हणत. सख्ख्या भाच्यांना मामाची आठवण वर्षातून एकदा झाली तरी पुष्कळ. चारशे टाक्यांतले बोटाएवढे पट्टेरी मासे मात्र मामांची सावली दिसली की काचेशी गोळा व्हायचे. एकोणीस वर्षांत मामांनी टाकीवरची चिठ्ठी वाचली नव्हती. डोळे मिटून टाकी ओळखतो, अशी त्यांची फुशारकी होती.

शिरस्ता साधा होता. थोराड मासे खुरट्यांना खाऊ देत नाहीत, म्हणून दर सोमवारी खुरटे निवडून बर्फाच्या पाण्यात सोडायचे. क्षणात संपतात बिचारे. या सोमवारी एका टाकीतले एकतीस खुरटे बर्फात गेले आणि मग मामांच्या लक्षात आलं, की टाकीत थोराड एकही उरलेला नाही.

शुक्रवारी नळ गळला म्हणून टाक्यांच्या जागा त्यांनीच बदलल्या होत्या. आता पाहिलं तर चिठ्ठी लाल होती, म्हणजे टाकी संशोधक ताईंची. त्यांच्या माशांच्या अंगात थायरॉइडचं संप्रेरक बनतच नव्हतं. ते खुरटेच राहणार होते. दोन वर्षं खपून ताईंनी ते त्यासाठीच वाढवले होते. मामांच्या मुलीला हेच संप्रेरक गोळीतून मिळायचं, पण तिचं दुखणं कळलं ते चौथ्या वर्षी. तोवर उंची खुंटली, बुद्धीही मागे राहिली. आज सव्विसाव्या वर्षीही तिची वेणी मामाच घालत. ताई म्हणाल्या होत्या, "कधी काय बिघडतं ते या माशांत कळलं ना मामा, तर पुढच्या बाळांना उपयोग होईल."

 मामांनी मासे कोमट पाण्यात ओतले, बोटाने एकेकाला हलवलं, "चला रे, चला" म्हणत राहिले. एकाचा कल्ला दोनदा हलला. तिसऱ्यांदा हलला नाही.

"माझी टाकी रिकामी का, मामा?" ताई दारात होत्या.

रोग आला म्हटलं असतं तरी खपलं असतं. मामांना ते सुचलंही.

"मी मारले, ताई. खुरटे म्हणून काढले."

ताई पालथ्या बादलीवर बसल्या. न रागावता म्हणाल्या, "तुम्ही, मामा? घरी ती असताना?"

 ताईंनी डोळे पुसून पट्टी काढली. निदान लांबी तरी नोंदवू, म्हणाल्या. मामांनी पहिला मासा पट्टीवर आडवा केला, पण त्यांना आकडा दिसेना.