मेणाची पारख

गडचांदूरच्या रायफल क्लबात कोणाचा नेम चुकला आणि तो काडतुसाला दोष देऊ लागला, की गुणवंतराव एकच ऐकवायचे, "नाचता येईना, अंगण वाकडं!" तीस वर्षं ऐकवत आले. फौजेत ते हत्यारं दुरुस्त करणारे हवालदार होते, आता अडुसष्टीला टेकलेले. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात खुद्द तेच काडतुसांना शिव्या घालत बसले, तेव्हा क्लबातली माणसं तोंड फिरवून हसली. हसणारच. माणूस तीस वर्षं दुसऱ्याची फजिती करतो, त्याची एकदा झाली तर कोण सोडतं?

पण गुणवंतरावांचा जीव खरंच टांगणीला लागला होता. क्लबाची जुनी पॉइंट टू-टू रायफल त्यांच्याही आधी जन्मलेली. वजनाला हलकी, दस्ता जुन्या सागवानासारखा काळपट, आणि नेम असा की गेल्या हिवाळ्यापर्यंत पन्नास मीटरवर दहाच्या दहा गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जायच्या. उन्हाळ्यात ती एकाएकी बिघडली. गोळ्या कागदावर वाट्टेल तिकडे जाऊ लागल्या. क्लबाचा अध्यक्ष प्रफुल, सिमेंट कारखान्यातला तरुण इंजिनियर, सरळ बोलून मोकळा झाला, "काका, नळी झिजली. नवी रायफल घ्यायची तर ही परवान्यावरून उतरवावी लागते. रविवारी शेवटची चाचणी. दहा गोळ्या नाण्याखाली आल्या नाहीत, तर सोमवारी जमा करू." जमा केलेली रायफल पोलिसांच्या मालखान्यात जाते आणि तिथून परत येत नाही, हे गुणवंतरावांना ठाऊक होतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी तीन जातींची काडतुसं घेतली. लाल खोक्यातली तिला सोसली नाहीत, गोळ्या वर चढल्या. हिरव्या खोक्यातली पार विखुरली. राहिलं पिवळं खोकं. याच मालावर रायफलीने आजवर नाव कमावलं होतं, पण आता त्याच खोक्यातली एक गोळी मधोमध बसायची आणि दुसरी चार बोटं डावीकडे जायची. गुणवंतरावांनी शेवटचं पन्नासाचं पिवळं खोकं स्टीलच्या ताटात ओतलं. एकेक काडतूस भिंगाखाली पाहिलं, काट्यावर तोललं. सगळी सारखी. हताश होऊन त्यांनी ताट सरकवलं, तेव्हा एक काडतूस खाली घरंगळलं आणि सोनीबाईच्या झाडूपाशी जाऊन थांबलं.

सोनीबाई अकरा वर्षं इथे झाडलोट करत होत्या, चहा करत होत्या. जिवतीच्या डोंगरातल्या, नवरा सुकलू चुनखडीच्या खाणीवर कामाला लागला तेव्हा इथे आलेल्या. गोळीबाराच्या जागेपुढची पिवळी रेघ त्यांनी अकरा वर्षांत एकदाही ओलांडली नव्हती, कारण गुणवंतरावांचा तसा दंडक होता. सोनीबाईंनी काडतूस उचललं, दोन बोटांत फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"भाऊ, याचं मेन एका अंगाले उतरलं."

"सोनीबाई, तुमी झाडू मारा. रायफलीचं मले समजते."

"रायफलीचं मले काय समजते भाऊ? मी तं मेनाचं सांगून राह्यली."

आता या लहान काडतुसाच्या शिशाच्या गोळीवर मेणाचा पातळ लेप असतो खरा. नळीतून जाताना तोच गोळीला सांभाळून नेतो. हे गुणवंतरावांना माहीत होतं, सोनीबाईंना कोणी सांगितलेलं नव्हतं. ते चमकले, पण चमकलेलं दाखवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"काऊन उतरंल मेन?"

सोनीबाईंनी झाडूनेच वर दाखवलं. वर पत्रा. पत्र्याला लागून लोखंडी कपाट. चोरीची भीती म्हणून मार्चमध्ये गुणवंतरावांनी स्वतः उभं राहून ते तिथे चढवून घेतलं होतं, आणि आत खोकी पुस्तकांसारखी उभी लावली होती. मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याखाली काय होतं ते सांगायला नको, तिथे पापड भाजून निघतील. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. गुणवंतरावांची कानशिलं तापली.

"वरच्या रांगेचं वितळून एकीकडे गेलं असंल," सोनीबाई म्हणाल्या. "खालच्या रांगेचं जित्तं राहाते. मधाच्या पोळ्याचं बी तसंच होते ना."

पण रांगा आता राहिल्या कुठे होत्या? सगळी काडतुसं ताटात मिसळलेली. गुणवंतरावांनी जरा चिडूनच ताट पुढे केलं. "मंग निवडा."

सोनीबाई मोहफुलं निवडायला बसावं तशा मांडी घालून बसल्या. एकेक काडतूस उचलायचं, बोटांच्या टोकांनी गोळीभोवती फिरवायचं, कधी हुंगायचं आणि डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायचं. ताटाकडे त्यांचं लक्षही नव्हतं. निवडता निवडता त्या बापाचं बोलत होत्या. बाप पोचू, कड्यावर दोर सोडून आग्या मोहोळ काढणारा. आपल्या देवाला, पेनाला, हात जोडल्याशिवाय त्याने कधी दोराला हात लावला नाही. जिवतीच्या बाजारात मेणात भेसळ करून विकणारे पुष्कळ होते. आपल्या मेणाच्या गोळ्यात तसला तुकडा चुकून येऊ नये म्हणून तो लहानग्या सोनीला डोळे झाकायला लावायचा आणि हातावर मेण ठेवायचा. औंदाचं की मागल्या सालचं? उन्हात पडलेलं की सावलीतलं? चुकलं की टिचकी. "लय टिचक्या खाल्ल्या भाऊ मी," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

डावीकडे एकतीस झाली, उजवीकडे एकोणीस.

गुणवंतराव वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून पडले. डावीकडची पाच झाडली. कागदावर पेरणी केल्यासारखी भोकं. उजवीकडची पाच झाडली. दुर्बीण डोळ्याला लावली आणि तशीच लावून ठेवली. पाच गोळ्यांचं मिळून एक भोक. योगायोग असेल म्हणून आणखी पाच झाडली. तेच भोक, जरासं रुंदावलेलं. भिंग हरलं, काटा हरला, फौजेतली सगळी विद्या हरली, आणि जे त्यांना दिसलं नाही ते या बाईच्या बोटांनी वाचलं. तिला अकरा वर्षं त्यांनी 'चहा आणा' यापलीकडे काही म्हटलं नव्हतं. त्यांना जितकं नवल वाटलं, तितकीच लाजही वाटली.

मग ध्यानात आलं, की उजवीकडे आता नऊच उरली. चाचणीला हवीत दहा. पहिल्या पाचांवर विश्वास ठेवला असता तर चौदा राहिली असती!

सोनीबाईंनी डावीकडच्या ढिगातून एक उचललं. तळहातावर घेतलं, मूठ मिटली आणि बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. हाताच्या उबेने मेण मऊ झालं, तसं बोटाच्या टोकाने ते गोळीभोवती हळूहळू फिरवत सारखं केलं. "हे माझ्या भरवशाचं नाई भाऊ. सगळ्यात शेवटी घाला."

रविवारी प्रफुल आला, मंडळी आली. गुणवंतरावांनी नऊ गोळ्या झाडल्या. प्रफुलने दुर्बिणीची काच पुसून पुन्हा पाहिलं. दहावं काडतूस घालताना गुणवंतरावांनी मागे वळून पाहिलं. रेघेच्या अलीकडे सोनीबाई झाडू छातीशी धरून उभ्या होत्या. गुणवंतरावांनी श्वास सोडला आणि चाप दाबला.

कागद आणला. एकच भोक, उजव्या कडेला किंचित ओठ फुटल्यासारखं. प्रफुलने खिशातलं नाणं वर ठेवलं. भोक सगळं झाकलं गेलं.

"काका, कोणती काडतुसं ही? कुठून मागवली?"

काहीतरी विलायती नाव सांगून वेळ मारून नेता आली असती. गुणवंतराव उठले, गुडघे झटकले. "आपलीच, पिवळी. मीच त्यायले पत्र्याखाली भाजलं होतं. सोनीबाईनं वाचवली तेवढी वाचली. अंगण सरळच होतं प्रफुल, नाचणारा वाकडा होता."

या वेळी कोणी हसलं नाही. प्रफुलने नाणं उचललं आणि सोनीबाईंकडे पाहत हात जोडले. त्या गडबडल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

कपाट आता आतल्या खोलीत, पाण्याच्या रांजणाशेजारी आहे आणि खोकी आडवी. रायफल परवान्यावर आहे. रोज सकाळी क्लब उघडला की गुणवंतराव चटईवर सोनीबाईंसमोर बसतात, डोळे मिटतात आणि हात पुढे करतात. त्या हातावर काडतूस ठेवतात. ते बराच वेळ बोटं फिरवतात, हुंगतात, कपाळाला आठ्या घालतात.

"जित्तं," ते म्हणतात.

"चुकलं, भाऊ." आणि अडुसष्ट वर्षांच्या हवालदाराच्या मनगटावर एक हलकी टिचकी बसते.

"आणखी एक द्या," गुणवंतराव डोळे न उघडता म्हणतात.